पेटीचा गंधार, तंबोऱ्याचा गंधार

ऑफिसच्या ग्रुपवर तो मेंदूचा फोटो अधूनमधून कुणीतरी टाकतंच. डावा अर्धा मेंदू करडा, त्यात आकडे आणि गिअर, उजवा अर्धा रंगीबेरंगी, त्यात फुलपाखरं वगैरे, आणि खाली प्रश्न की तुम्ही कुठल्या बाजूचे. मग लगेच आमच्यातले दोघं-तिघं "आपण तर फुल उजवे" म्हणून टाकतात आणि हेच लोक सोमवारी सकाळी दहा मायक्रॉनवरून सप्लायरशी फोनवर भांडत असतात. मला त्या फोटोचा खरंच वैताग आहे. त्यातून असं वाटतं की इंजिनिअर म्हणजे मोजूनमापून चालणारा बिचारा आणि कलाकार म्हणजे मनाला येईल तसं करणारा मोकळा जीव. ज्याने एकदा तरी कुणाला तंबोरा लावताना शेजारी बसून बघितलंय तो असं म्हणणार नाही. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमधे जेवढी किचकिच चालते त्याच्या दुप्पट तिथे चालते, फक्त हातात ड्रॉइंग नसतं आणि कुणी सही मागत नाही.

मी चिंचवडला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे आणि संध्याकाळी पेटी वाजवतो, म्हणजे शिकतोच आहे अजून, भजनी मंडळ आणि कधीमधी कुणाच्या घरच्या बैठकीत साथ एवढीच मजल. पण त्यामुळे दोन्हीकडची माणसं सारखी भेटतात. आणि माझं मत असं झालंय की दोघांच्या विचारात फरक आहे, चांगला मोठा आहे, पण शिस्त आणि स्वातंत्र्य असा तो नाहीये. इंजिनिअर जे काही बनवतो ते तो स्वतः तिथे नसताना चाललं पाहिजे, हे त्याच्या डोक्यात पहिल्या रेघेपासून असतं. कलाकार जे करतो त्यात तो किंवा त्याच्यासारखं कुणीतरी तिथे हजर असणार हे धरलेलंच असतं. बाकीचे फरक बहुतेक यातूनच निघतात. हे मला कुठल्या ट्रेनिंगमधे कळलं नाही, एका सुरावरून कळलं, शुद्ध गंधारावरून, म्हणजे सारेगम मधल्या ग वरून, म्हणून तेच सांगतो.

तंबोऱ्याला चार तारा. एक पंचमाची म्हणजे प ची, मग दोन जोडाच्या म्हणजे मध्य षड्जाच्या, मधल्या सा च्या, आणि शेवटची जाड, खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. गंधाराला लावलेली एकही तार नाही. तरी तंबोरा नीट जुळला आणि जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजारव, बोलायला लागली की त्यातून गंधार ऐकू येतो, अगदी स्पष्ट, कुणीतरी मागे बसून गातंय इतका. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. यात जादू काही नाही, तार हलते तेव्हा तिच्या मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूर तिच्यातूनच निघत असतात आणि त्यातला पाचपटवाला गंधार. जुन्या पुस्तकांत हिशोबाला सोपा म्हणून मध्य षड्ज सेकंदाला 240 कंपनांचा धरतात, तसा धरला तर खर्ज 120, त्याची पाचपट 600, हा तार सप्तकातला गंधार, एक सप्तक खाली, म्हणजे निम्म्यावर, आणला की 300. म्हणजे तंबोरा स्वतःच सांगतो की बाबा गंधार इथे आहे, 300 ला.

आता शेजारी पेटी ठेवा, तोच 240 चा सा धरा आणि गंधाराची पट्टी दाबा. ती बोलणार साधारण 302.4 ला. अडीचचा पण फरक नाही, म्हणाल काय एवढं. पण दोन्ही सूर एकत्र वाजले की सेकंदाला दोन-अडीच वेळा एक लाट येते, व्वॉव्व्वॉव्व अशी, आणि एकदा ती लाट कानाला कळली की मग ती ऐकू येतच राहते, पुढचं गाणं बाजूला राहतं. संगीताच्या मापात सांगायचं तर पेटीवरच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा भाग पेटीचा गंधार वर चढलेला असतो. सा-प मधला फरक जेमतेम दोन भागांचा, तो कुणाला कळत नाही. गंधार आणि धैवत, म्हणजे ग आणि ध, मात्र मार खातात.

बरं हे पेटीवाल्याचं दुर्लक्ष नाहीये, मुद्दाम केलेलं आहे. आणि का केलंय हे जेव्हा पहिल्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन करून बघितलं तेव्हा एक इंजिनिअर म्हणून मी अक्षरशः उठून उभा राहिलो. सा पासून पंचमाच्या उड्या मारत वर जायचं, प्रत्येक उडी दीडपटीची. बारा उड्या मारल्या की तुम्ही परत सा वर यायला पाहिजे, सात सप्तकं वरच्या. पण दीड गुणिले दीड असं बारा वेळा केलं की उत्तर येतं 129.75 च्या आसपास आणि सात सप्तकं म्हणजे दोनचा सातवा घात, 128. जुळत नाही. पावणेदोन उरतात. हे उरलेलं कुणीही काहीही केलं तरी जात नाही, निसर्गच तसा आहे. मग करायचं काय? तर सप्तकाचे बारा अगदी समान भाग पाडायचे, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या 1.05946 पट, आणि ती उरलेली चूक बारा पंचमांत सारखी वाटून टाकायची. दोन-दोन भाग प्रत्येकाला. एकही पंचम पूर्ण खरा राहत नाही पण एकही असह्य होत नाही, आणि तुम्ही कुठल्याही पट्टीत वाजवा, सगळीकडे सारखंच ऐकू येतं.

हे शंभर टक्के इंजिनिअरिंग आहे. चूक काढता येत नाही ना, मग ती अशी पसरा की कुणाचंच अडायला नको. आम्ही रोज हेच करतो. मी जो पार्ट पास करतो तो कुठल्या गाडीत बसेल मला माहीत नाही, चेन्नईला बसेल का सानंदला, दिवसपाळीत का रात्रपाळीत, बसवणारा नवा पोरगा असेल का वीस वर्षांचा अनुभवी, काहीच माहीत नाही. म्हणून ड्रॉइंगवर मापाच्या पुढे अधिक-उणे लिहिलेलं असतं. ते अधिक-उणे म्हणजे ढिलाई असं बाहेरच्यांना वाटतं, पण खरं तर ज्याला मी कधी भेटणार नाही त्या माणसाशी केलेला करार आहे तो. कुठलाही बोल्ट कुठल्याही भोकात गेला पाहिजे, हातोडी न मारता, आणि मला फोन न करता. पेटी बनवणाऱ्यालाही माहीत नसतं ही कोण घेणार, काळी एकवाला का पांढरी पाचवाला, म्हणजे सा कुठल्या पट्टीवर धरणारा, कीर्तनकार का शाळेतली बाई. हल्ली तर स्केल चेंजर पेट्या आल्यात, अख्खा कीबोर्ड सरकवला की पट्टी बदलते आणि बोटं तीच राहतात. बारा समान भाग नसते तर हा प्रकार कुणाच्या डोक्यात पण आला नसता.

पण आपल्या गाण्यात सा हलतच नाही! मैफल सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तंबोरा एकच सा धरून बसलेला असतो. मग ती बाराही पट्ट्यांना न्याय देण्याची गरजच कुणाला आहे? गाणारा म्हणतो मला एकच सा पुरतो, त्याच्याशी माझा गंधार खरा लागू दे, उरलेली चूक तिकडे कोपऱ्यात ढकल. आणि खरंच ती कोपऱ्यात जाते, गंधार आणि धैवत तंबोऱ्याशी खरे लावले की रिषभ-धैवतातलं, म्हणजे रे-ध मधलं, पंचमाचं नातं जरा तोकडं पडतं, पण त्या दोघांना कुणी एकत्र धरून वाजवत बसत नाही त्यामुळे कुणाची तक्रार नाही. आणि एखाद्या रागात ते नातं लागलंच तर गाणारा तिथल्या तिथे सूर किंचित हलवतो. तो आहे ना तिथे! त्याला आधीपासून सगळ्यांची सोय लावून ठेवायची गरज नाही.

या दोन विचारांची मारामारी आपल्याकडे शंभर वर्षांहून जास्त चालू आहे. हार्मोनियम मुळात पॅरिसची, अलेक्झांडर दबेनने 1842 मधे पेटंट घेतलेलं, पायाने भाता मारायची. आपल्याकडे येऊन ती हाताच्या भात्याची झाली, नाटकात शिरली, कीर्तनात शिरली, घराघरात गेली. मग 1940 मधे ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदीच घातली, ती तीसेक वर्षं, 1971 पर्यंत. कारणं दोन, एक हा सुरांचा आणि दुसरं मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून. त्याच्याही आधी आपल्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी तर वेगळाच रस्ता धरला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँना गायला लावायचं आणि श्रुती, म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बारीक जागा, मोजायच्या, मग त्या आकड्यांवर पुस्तक लिहिलं 1910 मधे आणि क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस म्हणजे ब्रिटिश काळातल्या सनदी सेवेतल्या अधिकाऱ्याबरोबर 22 श्रुतींची पेटीच बनवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर बराच खल झाला पण ती काही रूढ झाली नाही. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी, तेही पेशाने डॉक्टर, 22 श्रुतींची पेटी बनवलीये ज्यात खुंटी ओढून पट्टीचा दुसरा सूर काढता येतो. मला या माणसांबद्दल प्रचंड आदर आहे. पण मजा बघा, गाण्याच्या बाजूने उभे राहिलेले हे लोक विचाराने अस्सल इंजिनिअर आहेत. बरोबर जागा एकदा शोधून काढा, आकडा ठरवा, यंत्रात बसवा, मग गाणारा असो नसो.

आणि गाणारे काय करतात, तर त्या आकड्यावर थांबतच नाहीत. 1963 मधे नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी मोठमोठ्या कलाकारांच्या वाजवण्यातले सूर यंत्राने मोजले, तर गंधार एका कलाकाराचा दुसऱ्याशी जुळेना. म्हणजे तंबोऱ्याचा 300 हाच एकमेव खरा गंधार असंही म्हणायची सोय राहिली नाही. दरबारी रागाचा कोमल गंधार घ्या, तो तर एका जागी उभाच राहत नाही, झोके घेतो, त्याला पट्टी कुठली देणार तुम्ही? इथे माझ्यातल्या क्वालिटीवाल्याची फार तगमग होते. टार्गेटच हलतंय तर रिजेक्ट कशाला म्हणायचं? पण बेसूर गाणारा पहिल्या मिनिटात कळतो, सगळ्या हॉलला कळतो, त्यात कुणाचं दुमत होत नाही. म्हणजे निकष आहे आणि कडक आहे, फक्त तो आधी लिहून ठेवता येत नाही, त्या वेळी त्या तंबोऱ्यासमोरच ठरतो.

आमचे पेटीचे सर यातून त्यांच्या परीने मार्ग काढतात. साथीला बसले की गंधारावर रेंगाळायचं नाही, गायक गंधारावर उभा राहिला की भाता हलका करायचा, जमलं तर सा-प धरून बसायचं आणि सुराला तंबोऱ्याच्या हवाली करायचं. त्यांची स्वतःची पेटी मात्र गंधार ट्युनिंगची, म्हणजे गंधार तंबोऱ्याशी जुळवून घेतलेली आहे, काळी एकच्या हिशोबाने. ते ट्युनिंग होताना बघण्यासारखं असतं. पेटी उघडून पितळी रीड, म्हणजे हवेने थरथरून वाजणारी पाती, बाहेर काढतात, टोकाकडे जरा खरवडलं की सूर चढतो, बुडाकडे खरवडलं की उतरतो. गंधार उतरवायचा म्हणजे बुडाकडे. दोन घासे मारायचे, फुंकर मारायची, रीड परत जागेवर, भाता, सा बरोबर वाजवून ती लाट ऐकायची, ती मंद होत होत थांबली पाहिजे. थांबली की हात लावायचा नाही. जास्त खरवडलं गेलं तर दुसऱ्या टोकाला खरवडून भरून काढता येतं पण रीड बारीक होत जाते, जीव जातो तिचा. अशी पेटी काळी एकला अशी काही गोड लागते की पुढे साध्या पेटीवर हात जात नाही. आणि त्याच पेटीवर पांढरी चार धरून वाजवा, कसनुसं होतं. परवा एका कार्यक्रमात गायिका ऐनवेळी पट्टी बदलून बसल्या तर सरांनी शांतपणे माझी बाजारातली साधी पेटी पुढे ओढली. कुणी काही बोललं नाही.

जवारीचं तर याच्या पुढचं आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरच्या तबलीवर जी घोडी असते, तारा जिच्यावर टेकतात ती, नुसत्या डोळ्याला सपाट दिसते, पण तिला बारीकसा उतार दिलेला असतो, त्यामुळे तार तिला एका बिंदूवर टेकत नाही, हलताना घासत पुढेमागे जाते. मधे दोऱ्याचा एक तुकडा सरकवतात, तो नखभर इकडेतिकडे झाला की आवाज बदलतो, एका जागी तार मेलेली आणि जरा पुढे सरकवला की अख्खा मोहोळ उठल्यासारखा गुंजारव. सी. व्ही. रामन कलकत्त्यात असताना त्यांना याचं कोडं पडलं होतं. पुस्तकातला नियम असा की तार ज्या जागी छेडाल तिथे ज्या उपसुराचा, म्हणजे त्या दुप्पट-तिप्पट सुरांपैकी ज्याचा, स्थिरबिंदू म्हणजे न हलणारी जागा असेल तो उपसूर निघता कामा नये. तंबोऱ्यात आणि वीणेत तो निघतो, तोही दणकून. रामननी 1921 मधे यावर छोटा पेपर लिहिला आणि कारण घोडीच्या त्या आकारात आहे हे दाखवलं. म्हणजे नियम मोडणारी गोष्ट मिरजेतली मंडळी त्याच्याही कितीतरी आधीपासून कानशीने घासून बनवत होती. मुळात ही शिकलगार मंडळी, तलवारी-भाल्यांना धार लावणारी, एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सतारी-तंबोऱ्यांकडे वळली, आणि आता 2024 मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं.

मी मिरजेला ज्यांच्याकडे जातो त्यांना सगळे चाचाच म्हणतात. त्यांची काम करायची पद्धत अशी की तंबोरा दिला की ते पहिल्यांदा तंबोऱ्याकडे बघतच नाहीत, विचारतात "गाणार कोण? बाई का पुरुष? पट्टी कुठली?" मग "गाणं कसलं, ख्याल का भजन?" मग तार छेडून डोळे मिटतात. एक तार बाजूला करायची, घोडीवर कानस दोन-तीन वेळा, पुढे ढकलताना जोर, मागे आणताना हलकी, मग पॉलिश पेपर, तार परत जागेवर, दोरा, छेडून ऐकायचं. चारही तारांची जाडी वेगळी म्हणून चारही तारांखालची घोडी वेगळी घासायची. काहींना खुली म्हणजे जास्त गुंजणारी जवारी लागते, काहींना गोल म्हणजे मऊ, तीही बोलीभाषा तिथलीच. तासाभराने म्हणतात "आता बघा की, बोलायलाय."

मग मला किडा चावलाच. एक चांगली बोलणारी घोडी, चाचांनीच केलेली, कंपनीत नेली, आमच्या मेट्रोलॉजी रूममधे, म्हणजे मापं घेतात तिथे, कॉन्टूर ट्रेसरवर ठेवली आणि चारही तारांखालचा उतार काढला. सुंदर कर्व्ह आले, प्रिंट घेतलं, ओळखीच्या टूलरूमवाल्याकडून डेलरिन या कडक प्लास्टिकच्या तुकड्यातून तशीच्या तशी घोडी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, काढून घेतली आणि दोन्ही घेऊन मिरजेला. चाचांनी प्रिंट उलटसुलट बघितलं, खरंच इंटरेस्ट घेऊन बघितलं, मग म्हणाले, "कागद चांगला आहे साहेब. तार कुठल्या गेजची धरलीय यात?" मी म्हटलं जी होती तीच. "आणि घोडीची उंची? तुमची तबली वेगळी, हिचा दाब वेगळा पडतोय." असं म्हणत माझी सीएनसीची घोडी लावून पण बघितली. बोलली ती! वाईट नव्हती अजिबात, बाजारात विकत मिळणाऱ्या तयार घोडीपेक्षा नक्कीच चांगली. त्यांनाही आवडली, "घडण झकास आहे" म्हणाले. मग कानस उचलली आणि खर्जाखाली थोडं, जोडाखाली थोडं, चहा यायच्या आत तिचा आवाज कुठल्या कुठे गेला. मी विचारलं किती काढलं? तर म्हणे "जेवढं जास्त होतं तेवढं."

आता इथे कलावाले लगेच टाळ्या वाजवतील की बघा, शेवटी कान तो कान आणि हात तो हात. मला ते पण पटत नाही. कारण चाचांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि त्यांच्याकडे नंबर लागायला वाट बघावी लागते, आणि उद्या चाचा नसले तर त्या "जेवढं जास्त होतं तेवढं" मधलं काही मागे राहणार नाही, असलं तर एखाद्या शिकाऊ पोराच्या हातात राहील, आणि पोरं येत नाहीत. "हे सांगता येत नाही, आतून यावं लागतं" हे वाक्य मला कलेच्या क्षेत्रातलं सगळ्यात आळशी वाक्य वाटतं. चाचा तसं कधी म्हणत नाहीत हे पण सांगतो, ते विचारलं की सांगतात, फक्त त्यांचं सांगणं समोरच्या घोडीबद्दल असतं, सगळ्या घोड्यांबद्दल नसतं. आमच्याकडे उलटा रोग. आम्हाला समोरच्या पार्टबद्दल काही सांगायचंच नसतं, सगळ्या पार्टबद्दल एसओपी म्हणजे कामाची ठरलेली पद्धत लिहायची असते, आणि समोरचा पार्ट खडखडत असला तरी मापात आहे ना मग पास.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याबद्दल पण लोक असेच नाकं मुरडतात. बंगळुरूचे राज नारायण, इंजिनिअर आणि स्वतः बासरी वाजवणारे, यांनी तो 1979 मधे आणला आणि आता तर फोनमधेच तंबोरा असतो. वाकडमधे वन बीएचकेत राहणारी, आठ वाजता ऑफिसातून येऊन रियाझाला बसणारी मुलगी तंबोरा लावायला कुणाला बोलावणार? मागे बसून छेडणार कोण? तिच्यासाठी तो डबा म्हणजे देव आहे. उतरत नाही, चढत नाही, पावसाळ्यात फुगत नाही. एवढंच की खऱ्या तंबोऱ्यावर मागे बसलेल्या शिष्याला दोन तास सतत ऐकत राहावं लागतं, तार जराशी उतरली तर मणी सरकवून गाणं न थांबवता जुळवून घ्यावं लागतं, हॉलचा एसी सुरू झाला की पहिल्यांदा त्याला कळतं. ते ऐकणं हेच त्याचं शिक्षण असतं. डब्यामुळे सूर मिळाला, मागे बसून ऐकायची ही पाळी मात्र गेली. कंपनीत पण सगळं ऑटोमॅटिक इन्स्पेक्शनला गेल्यापासून नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारी जुनी माणसं कमी झाली, पण रिजेक्शनही कमी झालं हे कुणी सांगत नाही. मला विचाराल तर मी मशीन परत काढा असं म्हणणार नाही.

शेवटी एक गंमत सांगतो. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिथे मुलांना गाणं शिकवते, तिच्याकडे मिरजेचाच तंबोरा आहे, माझ्यामार्फत चाचांकडूनच गेलेला. तिकडच्या थंडीत आणि हीटिंगमधे कोरडा पडून त्याची जवारी गेली, आणि तिथे जवळपास करून देणारं कुणी तिला मिळेना. मग मी चाचांना व्हिडिओ कॉल लावून दिला. ती तिकडून तार छेडतेय, चाचा इकडून फोन कानाला लावून ऐकतायत, मग फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "फोनमधून काय कळत नाही ताई, वरचं सगळं हा खाऊन टाकतोय. तुम्हीच सांगा तुम्हाला कसं ऐकू यायलंय." ती म्हणाली बंद वाटतंय, चोंदल्यासारखं. दोरा इकडे सरकवा, तिकडे सरकवा, बराच वेळ चाललं, थोडा फरक पडला पण समाधान होईना. मला वाटलं आता म्हणतील की तंबोराच पाठवून द्या.

तर आठवड्याने त्यांचा फोन, पार्सल तयार आहे म्हणून. तीन घोड्या बनवल्या होत्या, तिच्या तारांच्या गेजच्या, तिच्या पट्टीच्या हिशोबाने, एक खुली, एक मधली आणि एक गोल. बुडाला पेन्सिलने एक-दोन-तीन असे आकडे घातलेले, आणि सोबत मुलाकडून टाइप करून घेतलेला कागद, कुठली आधी लावायची, दोरा कुठे ठेवायचा, ती नाही बोलली तर मग कुठली, आणि कुठल्याही घोडीला कानस लावायची नाही. मी तो कागद वाचला आणि म्हटलं चाचा, ही तर वर्क इन्स्ट्रक्शन झाली, आमच्याकडे अशीच लिहितात. ते म्हणाले, "मी तिथं असतो तर एकच केली असती की."

ती सध्या दोन नंबरवर आहे.